साताऱ्यातला तोल सांभाळण्याचा वर्ग : आठ महिने जाऊन आल्यावर

एसटीत कंडक्टर म्हणून ३१ वर्षं काढली. सातारा आगार. महाबळेश्वर, बामणोली, स्वारगेट विनाथांबा, आणि मधली बरीच वर्षं मुक्कामी गाड्या. केळघरच्या घाटात गाडी वळणं घेत असताना एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, काखेत पैशांची बॅग आणि पाठीला फक्त सीटचा कोपरा, असा मी उभा राहिलेलो आहे. त्यामुळे गेल्या जूनमध्ये फिजिओथेरपी कॉलेजच्या एका मुलीनं सांगितलं, "काका, एका पावलाच्या पुढं दुसरं पाऊल ठेवा, टाच अंगठ्याला टेकवा आणि दहा सेकंद उभे राहा," तेव्हा मला त्यात काही अवघड वाटलं नाही. चौथ्या सेकंदाला मी भिंत धरली. माझं वय ७१.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी या वर्गाला जातोय. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आणि ते कॉलेज असं दोघांनी मिळून चालवलेलं हे काम आहे. वर्ग मोफत आहे, पण नुसता व्यायामाचा वर्ग नाही. त्यांचा त्यावर अभ्यास चालू आहे, म्हणजे आपल्या नोंदी संशोधनात जातात. बऱ्याच जणांनी मला विचारलं की जावं का, काही फायदा आहे का, की नुसती माहिती घेऊन जातात. म्हणून सविस्तर लिहितोय.

ही शंका मलाही होती, आणि तिला कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका संस्थेची गाडी आमच्या पेठेत आली होती. नाव लिहीत नाही. सकाळी उपाशीपोटी बोलावलं, रक्त घेतलं, टाच एका यंत्रात ठेवून हाडांची तपासणी केली, दहा पानांचा फॉर्म भरून घेतला. "रिपोर्ट पंधरा दिवसांत मिळेल." आजपर्यंत मिळालेला नाही. रांगेत माझ्या पुढं उभे असलेले एक जण तर त्या रिपोर्टची वाट बघत गेले. त्यामुळे हे कॉलेजवाले पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि सरळ नाही म्हणून सांगितलं.

मग कॉलेजच्या मॅडम एकट्या परत आल्या. फॉर्म नाहीत, विद्यार्थी नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या अटी सांगा." आम्ही एका फुलस्केपवर चार अटी लिहून दिल्या. प्रत्येकाला स्वतःचा रिपोर्ट मराठीत मिळाला पाहिजे. वेळ आणि जागा आमच्या सोयीची. अभ्यास संपला तरी वर्ग बंद पडता कामा नये. आणि आमच्याबद्दल जे काही लिहाल ते छापायच्या आधी आम्हाला दाखवायचं. पहिल्या तीन त्यांनी जागेवर मान्य केल्या. चौथीला म्हणाल्या, "दाखवू, समजावून सांगू, चुकलं असेल तर दुरुस्तही करू. पण तुम्हाला आवडलं नाही म्हणून निकाल बदलता येणार नाही." खरं सांगतो, माझा विश्वास त्या उत्तरानं बसला. सगळ्याला हो म्हणणारा माणूस मी ड्यूटीवर खूप बघितला आहे.

माझ्या घरातली गोष्ट इथं सांगायला हवी. २०२१ च्या पावसाळ्यात पहाटे साडेतीनला माझी बायको न्हाणीघराच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चार महिने वॉकर, आणि त्यानंतर ती एकटी राजवाड्यापर्यंतसुद्धा गेलेली नाही. आधी ती ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चढून जायची. आम्ही म्हणायचो, वाईट वेळ होती, दुसरं काय! या वर्गात आल्यावर कळलं की त्या पहाटेला कारणं होती, आणि एकेक कारण हाताला लागण्यासारखं होतं. बोळातला दिवा आठ दिवस गेलेला होता. दारात जुन्या साडीचं पायपुसणं, तेही गुळगुळीत फरशीवर. झोपेची गोळी त्याच आठवड्यात नव्यानं चालू झालेली. आणि झोपेतून उठली ती थेट चालायला लागली. यातलं एक जरी टळलं असतं तरी कदाचित ती आज चार भिंतीला जात असती. हा विचार मला अजून झोपू देत नाही, म्हणून मी या वर्गाकडे नुसता टाइमपास म्हणून बघत नाही.

आता वर्गात काय होतं ते सांगतो. आधी तपासणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, स्टॉपवॉच लावतात. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मला चौदा लागले. मग हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजतात. माझं नऊ झालं. माझ्या वयाच्या पुरुषाला बाराच्या आत आलं तर पायांची ताकद कमी समजतात. रोज सकाळी समर्थ मंदिराकडून खाली पोवई नाक्यापर्यंत चालणारा मी, मला हे पटेना. त्या मुलीनं समजावलं की सपाटीला किंवा उताराला चालणं वेगळं, आणि मांडीच्या जोरावर शरीर वर उचलणं वेगळं. आणि तोल हा तिसराच प्रकार. चालण्यानं तो आपोआप सुधारत नाही, त्याचा वेगळा सराव लागतो.

व्यायाम मूळचे न्यूझीलंडचे आहेत. तिथल्या ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी ते बसवले. १९९७ मध्ये त्यांनी ड्युनेडिन गावातल्या ८० वर्षांवरच्या २३३ बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, नंतर आणखी झाले, आणि सगळे मिळून बघितले तर पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. मॅडमनी त्या गावाचे फोटो दाखवले. जगातला सगळ्यात तीव्र चढाचा रस्ता म्हणून ज्याची नोंद आहे तो बाल्डविन स्ट्रीट त्याच गावात. आमच्यातले एक जण म्हणाले, "म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यालाच की!" त्या क्षणापासून हे व्यायाम परक्या देशाचे राहिले नाहीत.

व्यायाम साधे आहेत. घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणं, पाय मागं दुमडणं, बाजूला उचलणं. टाचांवर उभं राहणं, चवड्यांवर उभं राहणं. उलटं चालणं, आडवं चालणं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळत चालणं. खुर्चीतून हात न टेकता उठणं. आठवड्यातून तीन दिवस, आणि मधल्या दिवशी चालायला जायचं. जमायला लागलं की आधार कमी करतात: आधी दोन्ही हात खुर्चीला, मग एक हात, मग नुसती बोटं, मग काही नाही.

पण न्यूझीलंडची माणसं खुर्चीवर जगतात, आम्ही जमिनीवर. पहिल्याच महिन्यात आमच्या बायकांनी हा मुद्दा काढला. पूजेला पाटावर, भाजी निवडायला खाली, देवळात खाली, सकाळचा संडास उकिडवा. खुर्चीतून उठायची तयारी करून घेताय, जमिनीवरून उठायची कोण करून घेणार? कॉलेजवाल्यांनी चार दिवस मागून घेतले आणि नवा भाग बसवला. आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, शेजारची खुर्ची धरायची, धडधाकट पाय पुढं टाकायचा आणि उठायचं. हा भाग मला सगळ्या वर्गातला सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्यात किती तरी जण एकटे राहतात. मुलं पुण्यात, पिंपरीत. पडल्यावर तासन्‌तास जमिनीवर पडून राहिलेली दोन माणसं मला माहीत आहेत.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. पहिल्या बैठकीत फॉर्ममध्ये प्रश्न होता, "गेल्या वर्षभरात आपण पडलात का?" भरल्या हॉलमध्ये एक हात वर झाला. आमच्या संघात एक निवृत्त नर्सबाई आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी झालेली, डोंगरातली गावं पायी फिरलेल्या. त्या उभ्या राहिल्या. "असं विचारू नका हो मॅडम. पडले म्हटलं की सून म्हणणार, आता एकट्यानं बाहेर जायचं नाही. कोण कबूल करील?" मग त्यांनीच प्रश्न सांगितले. पाय घसरला का? तोल जाऊन भिंत धरायला लागली का? चक्कर येऊन खाली बसलात का? पायरी चुकली का? पुढच्या वेळी तेच लोक, तोच हॉल, आणि बोलणं थांबेना. एक आजी म्हणाल्या, "पडले न्हाई गं पोरी, नुसती घसरले. दोनदा." हाताला प्लॅस्टर असताना. माझ्या मते त्या दिवशी हा अभ्यास खऱ्या अर्थानं सुरू झाला.

त्या भीतीचं एक चक्र असतं, तेही तिथं कळलं. एकदा पडलं की भीती बसते, भीतीनं बाहेर जाणं कमी होतं, न चालल्यानं पाय आणखी कमजोर होतात, आणि कमजोर पायांनी माणूस पुन्हा पडतो. घरचे प्रेमानं "बसून राहा" म्हणतात आणि त्यानंच नुकसान होतं. मीही बायकोला तीन वर्षं हेच म्हणत आलो.

संमतीपत्राचाही किस्सा आहे. पहिल्या कागदावर ‘यादृच्छिक विभागणी’ असे शब्द होते. कुणालाच कळेना. अर्थ असा की निम्म्यांना व्यायाम आत्ता, निम्म्यांना तीन महिन्यांनी, आणि कुणाला कधी ते नशिबावर. आम्ही म्हटलं, मग ‘चिठ्ठी टाकून’ लिहा. पण चिठ्ठीत नवरा एका गटात आणि बायको दुसऱ्या गटात गेली तर? नवरा घरी येऊन व्यायाम करणार, ती बघून करणारच. मॅडम हसल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं. शेवटी माणसांच्या ऐवजी गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. स्टीलच्या डब्यातून एकाच्या नातीनं काढल्या. आमची गल्ली पहिल्या गटात आली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती मॅडमनी वाचून दाखवली. माहितीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत हवं, त्याची प्रत आपल्याकडे राहायला हवी, कधीही कारण न देता बाहेर पडता येतं, आणि अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. लोकांच्या संघटनांना सुरुवातीपासून सामील करून घ्यावं हेही त्यात आहे. चार वर्षांपूर्वी रांगेत उभं राहताना यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. आता कुणीही रक्त घ्यायला आलं तर आमचे लोक आधी माहितीपत्राची प्रत मागतात.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. जामखेडला आरोळे पती-पत्नींनी १९७० पासून गावातल्या बायकांना हाताशी धरून आरोग्याचं काम उभं केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि दवाखाना आदिवासींना आपला वाटेल असा झोपड्यांच्या रूपात बांधला. पण ही कामं बाळंतपण, लहान मुलं यांच्यावर जास्त झाली. म्हाताऱ्यांचा नंबर आता लागतोय. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची मोठी पाहणी केली, ती गरजेचीच होती. पण आमच्या गल्लीतल्या कुठल्या पायरीला कठडा नाही, हे दिल्ली-मुंबईच्या पाहणीत कसं येणार?

ते घरभेटीत आलं. दोन विद्यार्थिनी घरी आल्या, उंबऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत बघितलं. आमच्याकडे त्यांनी सात गोष्टी लिहून दिल्या. पायपुसणं काढलं. न्हाणीघरात आणि संडासात स्टीलचे दांडे बसवले. प्लंबरसकट दीड हजारात काम झालं. बोळात रात्रभर जळणारा छोटा दिवा. झिजलेल्या रबरी चपला टाकून मागं पट्टा असलेल्या घेतल्या. माडीच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मी स्वतः पिवळा रंग मारला, आमच्या गाडीच्या पायरीला असायचा तसा. जिना उतरताना दोन भिंगांचा चष्मा घालू नका, खालची पायरी धूसर दिसते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. रक्तदाब झोपलेला असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा मोजला. वरचा आकडा वीसनं किंवा जास्त उतरला तर उठताना चक्कर येऊ शकते. आमच्या शेजाऱ्यांचा उतरत होता. त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. बायकोनं आता सवय लावून घेतली आहे: पलंगाच्या काठावर बसून पाय हलवायचे, थोडं थांबायचं, मग उठायचं.

आता कमतरता, कारण त्या लिहिल्या नाहीत तर हे लिखाण अर्धवट होईल.

विद्यार्थी सारखे बदलतात. एका मुलीला आपली गुडघेदुखी सगळी सांगून होते, तोवर तिची परीक्षा येते आणि नवा मुलगा पहिल्यापासून विचारायला लागतो. दिवाळीत वर्ग तीन आठवडे बंद राहिला. त्या तीन आठवड्यांत कित्येकांची सवय मोडली ती मोडलीच. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये रोजचा व्यायाम भरायचा होता, तो प्रकार आमच्यात चालला नाही. मी कागदी तक्ता आखून दिला, तारीख, व्यायाम, वेळ, सही, आमच्या वेबिलासारखा, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखा. तो आता सगळे भरतात, पण सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्या. हॉल पहिल्या मजल्यावर आणि जिन्याला कठडा नाही, अशा जागी तोल सांभाळण्याचा वर्ग सुरू केला, ही आमच्या संघाचीच चूक. दुसऱ्या महिन्यात वर्गणी काढून कठडा बसवला.

सगळ्यात मोठी कमतरता वेगळीच आहे. वर्गाला येणारे बहुतेक सगळे पेन्शनर. सातारा पेन्शनरांचं गाव म्हणतात ते खरं, पण साताऱ्यात फक्त पेन्शनर राहत नाहीत. राजवाड्याजवळ भाजी घेऊन बसणाऱ्या बायका सत्तरीच्या आहेत. पहाटे वजन उचलतात, दिवसभर उकिडव्या बसतात, अंधारात चढ चढून घरी जातात. त्या आमच्या संघाच्या सभासद नाहीत, म्हणून या अभ्यासातही नाहीत. संघ म्हणजेच लोक असं कॉलेजनं धरलं आणि आम्हीही धरू दिलं. मी बैठकीत हे दोनदा मांडलं. या टप्प्यात नवी माणसं घेता येत नाहीत, पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर आलं. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो, तेव्हा तिथंच जागेवर वर्ग घ्यावा, असं मी लिहून दिलं आहे. अंथरुणाला खिळलेल्यांचंही तसंच. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यावरचा वर्ग काय कामाचा?

अभ्यास संपल्यावर काय, याची तयारी मात्र चांगली चालू आहे. त्यांनी आणलेली घोट्याची वजनं परत जाणार होती. आमच्यातल्या एका टेलरकाकांनी जुन्या जीन्सच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, त्यात चाळलेली वाळू भरली, किराणा दुकानाच्या काट्यावर अर्धा आणि एक किलो मोजून घेतली. नऊवारीवरसुद्धा बांधता येतात. संघातल्या सहा जणांना वर्ग घ्यायचं शिक्षण दिलं, त्यात मी आहे. शनिवारचा वर्ग आता विद्यार्थ्यांशिवाय आम्हीच घेतो.

माझं कार्ड मिळालं ते मराठीत, कबूल केल्याप्रमाणे. खुर्चीतून उठणं नऊवरून तेरा. तीन मीटरची फेरी चौदा सेकंदांवरून साडेदहा. आणि पावलापुढं पाऊल ठेवून दहा सेकंद पूर्ण. सगळ्यांचे मिळून निकाल यायचे आहेत, ते आधी आमच्या हॉलमध्ये वाचले जातील.

एक आठवण राहून राहून येते. आता ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, २०२२ पासून, त्यामुळे म्हातारी माणसं खूप प्रवास करतात. गाडीची पायरी उंच. माणूस चढून दांडा धरेपर्यंत, सीटवर टेकेपर्यंत किती सेकंद लागतात ते मला आता घड्याळावर माहीत आहे. गाडी सोडायची डबल बेल द्यायच्या आधी मागं वळून बघायला हवं होतं, असं मला त्या ३१ वर्षांबद्दल वाटतं. आगारातल्या नव्या कंडक्टर पोरांना मी हे जाऊन सांगितलं आहे.

पाचापैकी मी या वर्गाला चार देईन. पाचवा भाजीवाल्यांच्या बाजारात वर्ग सुरू होईल तेव्हा.

दुसऱ्या गटाचे व्यायाम सध्या चालू आहेत, सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी साडेचारला. बायकांसाठी बुधवारी वेगळी रांग असते आणि शिकवायला मुलीच असतात. माझी बायको गेल्या बुधवारपासून यायला लागली आहे. जिना चढायला तिला सहा मिनिटं लागली, कठडा धरून. तुम्ही पहिल्यांदा येणार असाल तर मागं पट्टा असलेल्या चपला घाला, चष्मा आणा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन या. त्यांना ती बघायची असतात.